पाव फेरा

१४ नोव्हेंबर, शुक्र.

आजपासून पाना फिरवायचा. ऑपरेशनला नऊ दिवस झाले. तनूच्या उजव्या नडगीभोवती स्टीलच्या रिंगा, रिंगांतून तारा थेट हाडात. मधे हाड कापून ठेवलंय. चार दांड्या, चार नट. प्रत्येक नट पाव फेरा. सकाळी ६, दुपारी १२, संध्या. ६, रात्री १०. दिवसाला एक मिलिमीटर. हाड तेवढं लांब ओढायचं आणि फटीत नवीन हाड भरणार. हा पाय जन्मापासून आखूड, पाच सें.मी. मिळवायचे आहेत.

डॉक्टर बोलले, वही ठेवा. फेरे, ताप, तारांच्या जागा.

तनूच्या आईने, दर्शनाने, दहा नंबरचा पाना हातात घेतला, बघितला, परत ट्रेमध्ये ठेवला. "तुम्हीच करा." पाना नटावर मला दोनदा बसवावा लागला. गोडाऊनला रोज पाने हाताळतो मी.

तनू : पप्पा, नट उलटा फिरला तर मी बुटकी होणार का?

हसली. चारही झाले. दुखलं नाही बोलली.

१५ नोव्हें.

६ झाले. १२ झाले. (गोडाऊन इथेच राहनाळला, बाईकवर पाच मिनिटं. शेठला सांगून ठेवलंय.) ६ झाले. १० झाले. ताप नाही.

१९ नोव्हें.

आता दुखतं. फिरवताना नाही, अर्ध्या तासाने. "आतून कुणीतरी ओढतंय" बोलली. ओढतंयच की. मीच.

दर्शनाने लेगिंगची एक बाजू पूर्ण उसवून वेलक्रो लावलं. रिंगांवरून बसतं बरोबर. ही बाई काही बोलत नाही, काम करत राहते.

सहावीचा अभ्यास शाळेतून मोबाइलवर येतो. तनू गणित करते, भूगोल उघडत पण नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

मुंबईला हॉस्पिटलला. चुलतभावाची ईको गाडी. पाय दोन उशांवर, दर्शनाच्या मांडीवर. कशेळीच्या पुलाच्या अलीकडे दीड तास अडकलो, पुढे-मागे कंटेनर. खड्डा आला की तनू ओठ आत घ्यायची. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

एक्स-रे. हाडाच्या दोन टोकांमध्ये काळी फट, ११ मि.मी. डॉक्टर बोलले, फट बरोबर उघडतेय, नवीन हाड आधी धुरासारखं दिसेल, घाई नको. मला धूर दिसला नाही.

फिजिओ मॅडमनी गुडघा हलवून बघितला, मग दुसरा गुडघा, मग हाताची बोटं. तनूची करंगळी मागे सरळ काटकोनात जाते, अंगठा मनगटाला टेकतो. शाळेत मैत्रिणींना करून दाखवते ती. मॅडम मला बोलल्या, "बाबा, तुमचा अंगठा द्या." दिला. माझाही टेकला.

"पाय कुणाकडून आलेला नाही, तो गर्भातच तसा झाला. हे ढिले सांधे मात्र तुमचे."

बेचाळीस वर्षं हा अंगठा घेऊन फिरतोय. कधी कळलं नाही की ही काही देण्यासारखी गोष्ट आहे.

३० नोव्हें., रवि.

आई सकाळच्या एसटीने गणेशपुरीला जाऊन आली. कुंडातल्या गरम पाण्याचा पाच लिटरचा कॅन. एवढं वजन या वयात. तनूचा पाय धुवायचा म्हणते.

मी बोललो, आई, तारांच्या भोकांतून पाणी आत जाईल, पिकेल, डॉक्टरांनी सक्त नाही सांगितलंय.

"डाक्टर सांगतंय तं लोखंड खुपसतंस. मी सांगतंय तं पानी पन चालत न्हाय. पोरीचा पाय हाय रे तो, लाकूड न्हाय."

दर्शनाने मधला मार्ग काढला. त्या पाण्याने तनूचा डावा पाय धुतला, चांगला पाय. आईने स्वतः चोळला. तनू शांत पडून होती. आईचं समाधान झालं की नाही कळलं नाही. उजव्या पायाकडे तिने बघितलं नाही, ऑपरेशन झाल्यापासून बघत नाही.

५ डिसें., शुक्र.

ताप १०२. गुडघ्याखालच्या दुसऱ्या तारेपाशी लाल, दाबलं की पू. फोटो डॉक्टरांना पाठवला. गोळ्या बदलल्या, ड्रेसिंग दिवसातून दोनदा. फेरे चालूच ठेवायचे.

६ ला तनूने पाना हातातून ओढून घेतला. "आज नको. एक दिवस. प्लीज पप्पा." मी तिला समजावलं की असं थांबत गेलो तर मधे हाड जुळून जाईल, मग परत कापावं लागेल. खरंच आहे ते. पण अकरा वर्षांच्या, तापाने फणफणलेल्या पोरीला हे मी

केलं. चारही नट.

६ डिसें.

ताप १००. भूक नाही. दुपारी पेज.

आज १२ ला फिरवताना तिने मोजलं नाही. रोज मोजते, एक-दोन-तीन-चार. आज भिंतीकडे बघत होती.

९ डिसें., मंगळ.

ताप गेला. हॉस्पिटल. आज दोन गोष्टी झाल्या.

एक. एक्स-रेत फट २५ मि.मी. आणि यावेळी मला पण दिसला, धूर, फटीत. आनंद झाला तोवर डॉक्टरांनी दुसरी फिल्म लावली. गुडघ्याची. नडगीचं हाड मांडीच्या हाडाखालून मागे सरकतंय. गुडघा आतून बांधून ठेवणारे पट्टे तनूला जन्मापासून नाहीत, या पायाबरोबर ते येतच नाहीत म्हणे. त्यात बाकीचे सांधे पण ढिले. आपण खाली हाड ओढतोय, वर गुडघा निसटतोय.

"एक आठवडा फेरे बंद. तेवढ्याने हाड जुळत नाही. व्यायाम आणि पट्टी. मंगळवारी परत बघू."

दोन. बाहेर बाकावर बसलो होतो. एक मुलगी जिना चढून आली, दोन-दोन पायऱ्या एका वेळी. एकोणीस-वीसची. आमच्या बाजूला बसली, सलवार वर केली आणि उजवा पाय गुडघ्याखालून काढून मांडीवर ठेवला. सहज, चप्पल काढावी तसा. आतून घासतोय म्हणून दाखवायला आलेली.

तनू बघतच राहिली. मी म्हटलं, असं बघू नये. ती मुलगीच बोलली, "देखने दो अंकल. तेरा भी राइट है?"

फरहीन. भिवंडीचीच निघाली, शांतीनगर. वडील पॉवरलूमवर कामाला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिलाही जन्मतः तेच, नडगीच्या बाजूचं बारीक हाड नाही, पाय आखूड, पावलाला तीन बोटं. अगदी आमच्या तनूचंच.

तनूने विचारलं, "तुम्हारा कब काटा?"

"सवा साल की थी. मुझे तो याद भी नहीं. पहला कदम ही इसपे चली."

"दुखता है?"

"गरमी में पसीना आता है, छिल जाता है. शादी-ब्याह में नीचे बैठना पड़े तो मुसीबत. लोग घूरते हैं. और क्या." मग तनूच्या रिंगांकडे बघून, "तेरे कितने ऑपरेशन हुए?"

"तीन. अब और होगा."

फरहीन जवळ सरकली. तनूच्या केसांवरून हात फिरवला. जाताना दोघींनी नंबर घेतले, दर्शनाच्या मोबाइलवर.



१० डिसें.

आज फेरे नाहीत. ६ ला जाग आलीच. पाना ट्रेमध्ये. काय करायचं कळेना, चहा केला.

दुपारी जेवायला आलो तेव्हा तनूने विचारलं. दर्शना कपडे वाळत घालत होती.

"पप्पा, मी सव्वा वर्षाची असताना डॉक्टर आपल्याला पण तेच बोलले होते का? कापा म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो."

"मग?"

"मी नको बोललो."

"का?"

मी बोललो, तुझा पाय होता बाळा. जिवंत पाय. मी गुदगुल्या केल्या की तीनही बोटं हलायची. डॉक्टर बोलले, पाऊल काढा, कृत्रिम पायावर सहा महिन्यांत चालेल, नाहीतर मोठी होईपर्यंत तीन-चार मोठी ऑपरेशनं. मला वाटलं, ऑपरेशनं तर ऑपरेशनं. मी करीन सगळं.

तिने पूर्ण ऐकलं. मग बोलली, "पण करायचं तर मला होतं ना."

आवाज चढवला नाही. वरणभात पुढे होता, तो संपवला तिने. मला संपवता आला नाही.

११ डिसें.

बोलत नाही. माझ्याशी. आईशी, आजीशी बोलते. ड्रेसिंग दर्शनाकडून करून घेतलं.

१२ डिसें.

तेच.

१४ डिसें., रवि.

दर्शनाशी भांडण. भांडण पण नाही. मी बोललो, आपण तेव्हा जो निर्णय घेतला तो तिच्या भल्यासाठीच...

ती भाजी चिरायची थांबली. "आपण?"

मग दहा वर्षांत बोलली नव्हती तेवढं एकदम बोलली. "मी तिथेच खुर्चीत होते. हिला मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी तुमच्याकडे बघून विचारलं, तुम्ही उत्तर दिलंत. घरी आल्यावर आई, काका, सगळ्यांनी तुमची पाठ थोपटली, बाप असावा तर असा. मला कुणी विचारलं का?"

"तुला काय वाटत होतं?"

"ते आता कसं सांगू? तेव्हा विचारलं असतं तर कळलं असतं मला पण."

आई आतून ऐकत होती. बाहेर आली नाही.

भेंडी केली होती. सगळे जेवलो.

१६ डिसें., मंगळ.

गुडघा आणखी थोडा मागे. डॉक्टरांनी फिल्म दोनदा लावली, दोनदा काढली.

"लांबवणं इथेच थांबवू. अडीच सेंटिमीटर मिळाले. पुढे ओढलं तर गुडघा जाईल, आणि गुडघा गेला तर लांब पायाचा उपयोग नाही."

रिंगा लगेच निघणार नाहीत. हाड भरेपर्यंत अजून तीन महिने. सुरुवातीला सात सें.मी.चा फरक होता, राहिला साडेचार. पण आखूड पाय कमी वाढतो, वाढ पूर्ण होईपर्यंत फरक परत आठच्या घरात. सहाव्या वर्षी हॉस्पिटलातच ठेवून लांबवलं होतं, त्याचं पण तेच झालं. मिळवलं, आणि परत गेलं.

मी विचारलं, पुढे काय?

"चौदा-पंधराची झाली की परत रिंगा, यावेळी मांडीपर्यंत, गुडघा धरून. खात्री देत नाही. नाहीतर उंच बूट घालून आहे तसं. नाहीतर..." फाइल मागे उलटली त्यांनी, अगदी पहिल्या कागदापर्यंत. तेच डॉक्टर. तेव्हा केस काळे होते. "नाहीतर तेव्हा सांगितलं होतं ते. या वयात पण होतं. मुलं चांगली चालतात."

दर्शना बोलली, "डॉक्टर, हे तिला विचारायचं का?"

"मी तेच सुचवणार होतो. लगेच नको. तीसला या."

मी फिल्म पाकिटात भरत बसलो. काय बोलणार. तेव्हा सगळ्यांच्या वतीने मीच बोललो होतो.

१८ डिसें.

गोडाऊनला दोन गाड्यांची डिलिव्हरी चलनं माझ्या हातून अदलाबदल झाली. पुण्याचा माल नाशिकला निघाला होता, गेटवर पकडला. शेठ बोलले, "तुम्ही? इतक्या वर्षांत?" घरी जा बोलले. गेलो नाही. घरी काय करू? तिथे आता माझं काम काय आहे? नट फिरवायचे नाहीत, ड्रेसिंग दर्शना करते.

लोडिंग बघत उभा राहिलो संध्याकाळपर्यंत.

२१ डिसें., रवि.

तनू बोलली. "पप्पा, उशी सरकवा." एवढंच. उशी सरकवली. मग बोलली, "अजून थोडी." ती पण सरकवली.

२३ डिसें.

फरहीनचा व्हिडिओ कॉल. दोघी अर्धा तास. मी बाहेरच्या खोलीत. फरहीन कृत्रिम पाय कसा लावायचा ते दाखवत होती, आधी पायमोजा, मग आतलं मऊ अस्तर, मग पाय, "टक् बोलता है, तब समझ लग गया". तनूने विचारलं, पाण्यात चालतो का, सायकल येते का. सायकल येते. समुद्रात नाही घालत.

मग एकदम हळू आवाजात, "कभी लगता है, काश नहीं काटा होता?"

फरहीनचं उत्तर मला ऐकू आलं नाही. रस्त्यावरून ट्रक गेला. ट्रक गेल्यावर दोघी दुसऱ्याच कशावर तरी बोलत होत्या.

विचारू का तनूला? नाही विचारणार.

२६ डिसें.

आईला सांगितलं, दर्शनाने. डॉक्टर तनूला काय विचारणार आहेत ते. आईने ऐकून घेतलं. बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग उठून तनूपाशी गेली, आणि पहिल्यांदा रिंगांवरचं फडकं बाजूला करून तो पाय बघितला. बोटांना हात लावला, एकेका.

"दुखतंय का गो?"

"हात लावल्यावर नाही दुखत आजी."

आईने बोटं सोडली नाहीत. माझ्याकडे बघून बोलली, "तू आता गप रहा. तुजं झालं बोलून."

गप्पच आहे.

३० डिसें., मंगळ.

हॉस्पिटल. एक्स-रे चांगला. धूर दाट झालाय. गुडघा होता तिथेच, मागे गेलेला नाही.

डॉक्टर बोलले, "मला तन्वीशी एकटीशी बोलायचंय. तुम्ही दोघं बाहेर बसा." दहा मिनिटं लागतील बोलले होते, पस्तीस झाली. दरवाजाला काच होती पण वरच्या बाजूला, बसून काही दिसत नव्हतं. उभं राहायची हिंमत झाली नाही. दर्शनाने बाटली उघडली, बंद केली, पाणी प्यायली नाही.

आत बोलावलं. तनू खुर्चीत, पाय स्टुलावर. रडलेली नव्हती. डॉक्टरांचेच डोळे मला वेगळे वाटले.

"तन्वीने खूप चांगले प्रश्न विचारले. उत्तर आज द्यायचं नाही असं तिने सांगितलंय. रिंगा निघेपर्यंत विचार करणार. मला चालेल. तुम्हाला चालेल ना?"

दर्शना हो बोलली. मी मान हलवली.

मग डॉक्टर बोलले, तन्वी, ते मगाचं आईबाबांना सांगू का? ती बोलली, सांगा. तिने विचारलं होतं की पाऊल काढलं तर ते काढलेलं पाऊल कुठे जातं. कोण नेतं. डॉक्टर बोलले, तीस वर्षांत मला हे कुठल्या पेशंटने विचारलं नव्हतं. तिला त्यांनी खरं ते सांगितलं. काय सांगितलं ते आमच्यापुढे परत बोलले नाहीत आणि आम्ही विचारलं नाही.

परतीला गाडी कशेळीला अडकली. उजेड होता अजून, खाडीवर बगळे. चुलतभाऊ उतरून पुढे बघायला गेला. मी पुढच्या सीटवर, मायलेकी मागे.

तनू बोलली, "पप्पा, मी आज अकरा प्रश्न विचारले. लिहून नेले होते."

"हो? छान केलंस."

"तुम्ही तेव्हा काय विचारलं होतं? मी सव्वा वर्षाची होते तेव्हा. डॉक्टर बोलले, तुझ्या बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. काय ते सांगितलं नाही. बोलले, बाबांनाच विचार."

आरशात दर्शना खिडकीबाहेर बघत होती. तिला माहीत आहे. ती होती खुर्चीत.

मी विचारलं होतं, पाय कापला तर उद्या हिचं लग्न कसं होणार. बस. चालेल का विचारलं नाही, पळेल का, दुखेल का, काही नाही. सव्वा वर्षाची होती. डॉक्टर बोलले होते, ते मला नाही सांगता येणार. मग मी उठलो होतो आणि नको बोललो होतो.

"पप्पा?"

मी बोललो, घरी गेल्यावर सांगतो.

"नक्की?"

"नक्की."

गाडी सुटली. घरी येऊन तीन तास झाले. ती जेवली, ड्रेसिंग झालं, आजीला हॉस्पिटलचं सगळं सांगून झालं. मधे दोनदा माझ्याकडे बघितलं. परत विचारलेलं नाही. आता भूगोल घेऊन बसलीय, स्वतःहून. दरवाजा उघडा आहे. जाऊन बसतो तिच्याजवळ. बसलो की आधी तोच प्रश्न सांगायचा, लग्नाचा.